उन्हाळ्याचे एकशेवीस तास कुणाच्या कामाचे?



मागच्या उन्हाळ्यात खामगाव तालुक्यातल्या एका वस्तीच्या अभ्यासिकेत एमएच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा भेटला. हातात कॉलेजची इंटर्नशिपची फाईल होती. हजेरीपत्रक भरलेलं, अहवाल टाईप केलेला, संस्थेचं प्रमाणपत्र शिक्क्यासह. मी विचारलं, "काम काय केलंस?" तो हसला. "ताई, काम कायचं? शिक्का भेटला ना. ते एकशेवीस तास मी केटरिंगले होतो."

लग्नसराईत तो पंगतीत वाढायला जात होता. त्या पैशातून पुढच्या सत्राची फी आणि बहिणीची पुस्तकं होणार होती. त्याला लबाड म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ज्याच्या घरात उन्हाळा म्हणजे मजुरीचा हंगाम, त्याला फुकट एकशेवीस तास द्या म्हणणारी व्यवस्था लबाड आहे. आणि या तासांवर कधी हक्कच न सांगणारी आपली चळवळ गाफील आहे. हा लेख मुख्यतः त्या गाफीलपणाबद्दल आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर पहिल्या वर्षाला चार श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फिल्ड प्रोजेक्ट आलं आहे. एका श्रेयांकाला तीस तास, म्हणजे एकशेवीस तास. पदवीलाही फिल्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग, ऑन जॉब ट्रेनिंग असे तुकडे आहेत. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात आपला बुलडाणा जिल्हा येतो. म्हणजे जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतली आपली पोरं दरवर्षी हे तास कुठे ना कुठे भरणार आहेत. बँकेत, दुकानात, झेरॉक्स सेंटरवर, नाहीतर नुसत्या कागदावर. प्रश्न साधा आहे : हे तास जातीच्या प्रश्नावरच्या कामात का भरले जाऊ नयेत?

अमेरिकेत अनेक विद्यापीठं विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात वांशिक न्यायाचं काम करणाऱ्या संस्थांमध्ये पाठवतात. कुणी वकिलांच्या हाताखाली, कुणी घरभाड्यातल्या भेदभावावर, कुणी मतदार नोंदणीवर काम करतो. बऱ्याच ठिकाणी त्याचं मानधनही मिळतं. ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून, काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतलं तेही ब्लॅक पँथरवरून. त्यांच्याकडून शिकणं ही आपली जुनी रीत आहे. पण शिकायचं तर त्यांच्या चुकांसकट.

१९६४ चा मिसिसिपीचा 'फ्रीडम समर' आठवा. सुमारे हजार विद्यार्थी, बहुतेक गोरे, उत्तरेतल्या मोठ्या विद्यापीठांतून काळ्यांच्या मतदार नोंदणीसाठी आणि फ्रीडम स्कूल चालवण्यासाठी गेले. त्यांना जामिनासाठीचे पैसे आणि राहण्याचा खर्च स्वतःचा आणायला सांगितलं होतं. साहजिकच, ज्याच्या घरात पैसा तोच जाऊ शकला. जूनमध्ये जेम्स चेनी हा तिथला काळा कार्यकर्ता आणि अँड्र्यू गुडमन व मायकेल श्वेर्नर हे न्यूयॉर्कचे दोन गोरे तरुण मारले गेले. दोन गोरे बेपत्ता झाले म्हणून अख्खा देश हलला. त्याच उन्हाळ्यात शोध चालू असताना चार्ल्स मूर आणि हेन्री डी या दोन काळ्या तरुणांचे मृतदेह सापडले. ते मे महिन्यापासून गायब होते. त्यांना शोधायला देश हलला नव्हता.

त्या उन्हाळ्याचं मोल कमी नाही. पुढच्याच वर्षी मतदान हक्काचा कायदा झाला, त्यामागे या मोहिमेचाही जोर होता. पण तीन धडे आपण वहीत लिहून ठेवले पाहिजेत. एक, बिनपैशाचं काम गरिबाला बाहेर ठेवतं. दोन, पाहुणा उन्हाळा संपला की परत जातो, गावात राहतो तो गावचा माणूस, आणि सूडही त्याच्यावरच उगवला जातो. तीन, ज्याचा प्रश्न त्याच्याच हातात सूत्रं हवीत.

यातला दुसरा धडा मी स्वतः मोडलेला आहे. समाजशास्त्राच्या एमएला असताना मी एका वस्तीत प्रश्नावली घेऊन गेले. पाण्याचा हापसा, घरकुल, गायरान, शाळेतली वागणूक, सगळं विचारलं. चांगले गुण पडले. दोन वर्षांनी कामानिमित्त तिथे गेले तर एका आजीने ओळखलं. म्हणाली, "माय, तू लिहून नेलं होतं ना सारं. मंग त्याचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याच समाजाची, बौद्ध घरातली, तरी मीही घेऊन गेले आणि काही ठेवून आले नाही. म्हणून 'आपलाच विद्यार्थी आहे, तो वस्तीचा वापर करणार नाही' असं मी मानत नाही. नियम त्याच्यासाठीही लागतात.

मग काम कोणतं? घोषणा नको, कागद बोलूया. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ चा. या कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. बैठका झाल्या का? इतिवृत्तात काय लिहिलं? माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करून हे विचारता येतं आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. दोषारोपपत्र साठ दिवसांत न्यायालयात जायला हवं. पीडिताचं अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने मिळतं : जातिवाचक शिवीगाळीच्या गुन्ह्यात एक लाखापैकी पंचवीस टक्के गुन्हा नोंदल्यावर, पन्नास टक्के दोषारोपपत्र गेल्यावर, उरलेले शिक्षा झाल्यावर. कलम १५ अ ने पीडिताला आणि साक्षीदारांना संरक्षणाचे आणि माहितीचे हक्क दिले आहेत.

हे सगळं पुस्तकात आहे. गावात मात्र फिर्यादीला आपल्या खटल्याची पुढची तारीखही माहीत नसते. समझोत्यासाठी घरी येणारी माणसं तेवढी वेळेवर येतात. एका विद्यार्थ्याने एकशेवीस तासांत एका तालुक्यातल्या पाच प्रकरणांची नुसती तारीखवही बनवली, म्हणजे गुन्हा कधी, तपास कोणाकडे, दोषारोपपत्र कधी, पहिला हप्ता कधी आणि कुठे अडकलं, तर ती वही कोणत्याही प्रबंधापेक्षा जास्त कामाची. ती वही घरच्यांकडे राहिली पाहिजे. कॉलेजला जाईल ती नावं काढलेली प्रत.

गायरानाचंही तसंच. दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह १९६४ चा. पुढे १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन दलितांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. मराठवाड्यात एकनाथ आव्हाडांनी मानवी हक्क अभियानातून गायरानाचा लढा गावोगाव नेला. त्यांनीही समाजकार्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. आपल्या गावात कोण कसतंय, कोणत्या सालापासून, दंडाची पावती आहे का, सातबाऱ्यावर काय आहे, हे लिहून काढायला समाजशास्त्राचा विद्यार्थीच योग्य.

आता हरकती. चळवळीतले जुने मित्र म्हणतील, "चळवळ कधीपासून इंटर्नशिप झाली? प्रमाणपत्रासाठी येणारा उद्या निघून जाईल." भीती खोटी नाही. चळवळीचे एनजीओ झालेले आपण पाहिले आहेत. पण बाबासाहेबांनी १९५६ च्या जुलैमध्ये मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली, हेही आठवा. नुसती तळमळ पुरत नाही, काम शिकावं लागतं, असंच त्यांचं मत असणार. त्याच वर्षी मार्चमध्ये आग्र्याला त्यांनी शिकलेल्यांबद्दल खंत बोलून दाखवली होती. शिकलेला निघून जातो कारण त्याला शिकतानाच समाजाच्या कामाशी बांधणारी कोणतीही सोय आपण केली नाही. दहा आले आणि आठ गेले तरी दोन राहतील. आज तेही नाहीत.

दुसरी हरकत सुरक्षेची, आणि ती मला पूर्ण मान्य आहे. तणाव असलेल्या गावात एकोणीस वर्षांच्या मुलीला एकटीला पाठवायचं नाही. पीडितेचा जबाब विद्यार्थ्याने घ्यायचा नाही. फोटो नाही, रील नाही. आधी कार्यालयातले कागद, मग अनुभवी कार्यकर्त्यासोबत गाव. आणि मुलीच्या घरच्यांशी आधी आपण बोलायचं, कॉलेजच्या चिठ्ठीवर भागवायचं नाही.

तिसरा प्रश्न : सवर्ण विद्यार्थ्यांचं काय? त्यांनीही यावं. पण आमच्या वस्तीत नको. अमेरिकेतल्या त्याच विद्यार्थी संघटनेने पुढे १९६६ च्या सुमारास गोऱ्या कार्यकर्त्यांना सांगितलं की तुम्ही गोऱ्यांच्या वस्तीत काम करा. आमचंही तेच म्हणणं. आमची गरिबी मोजायला येऊ नका. स्वतःच्या गावात जा. पाणवठा, स्मशान, देऊळ, कटिंगचं दुकान, लग्नाची पंगत, भाड्याची खोली, इथे जात कशी पाळली जाते आणि कोण पाळतं, ते लिहा. आपल्याच काकाला प्रश्न विचारा. ते एकशेवीस तास आमच्या तासांपेक्षा अवघड जातील.

राहिला पैसा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शासनाने २०२४ मध्ये पदवीधरांना महिना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरवलं. म्हणजे शिकाऊ कामाला पैसा देता येतो, हे सरकारनेच मान्य केलं आहे. पण शिकत असलेला विद्यार्थी त्या योजनेत बसत नाही. तेव्हा मागणी अशी करूया : विद्यापीठाने अत्याचार प्रतिबंध, विधी सहाय्य आणि जमीनहक्क ही फिल्ड प्रोजेक्टची अधिकृत क्षेत्रं जाहीर करावीत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, समाजकल्याण कार्यालय आणि बार्टी यांनी विद्यार्थी घ्यावेत, आणि समाजकल्याण विभागाने त्या एकशेवीस तासांचं विद्यावेतन द्यावं.

तोवर थांबायचं नाही. रोज सहा तास धरले तर एकशेवीस तास म्हणजे वीस दिवस. दिवसाला चारशे रुपये धरले तर आठ हजार. आपल्या जयंती समित्यांनी डीजेचा एक दिवस कमी केला तर एका विद्यार्थ्याचा उन्हाळा मोकळा होतो. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. आमच्या अभ्यासिकेच्या बैठकीत मी हा हिशेब मांडला, तेव्हा मागे बसलेला तोच केटरिंगवाला मुलगा म्हणाला, "ताई, आठ हजार पक्के असतील तं मी उद्यापासून तहसीलले जातो."

तो जायला तयार आहे. आपण आठ हजार उभे करायला तयार आहोत का, एवढंच आता ठरवायचं आहे. १४ एप्रिलच्या वर्गणीची वही उघडाल तेव्हा पहिल्या पानावर एक ओळ त्याच्यासाठी ठेवा.

जय भीम, जय भारत.