सहानुभूती नको, निवडणूक हवी

३ नोव्हेंबर २०२२, गुरुवार. अंधेरी पूर्व विधानसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीचा दिवस. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. मी ज्या वस्तीत काम करते तिथे दुपारी बचतगटाची बैठक होती. बावीस जणी आल्या. बोटाला शाई किती जणींच्या ते मी मोजलं. पाच.

मी सवयीप्रमाणे बोलायला लागले. मताचा हक्क, बाबासाहेब, संविधान. एका मावशींनी मला मध्येच थांबवलं. “ताई, मत द्यायचं म्हणजे दोघातिघांतलं एक निवडायचं ना? इथे निवडायला ठेवलंय कोण? निकाल तर टीव्हीवाल्यांनी पंधरा दिवसांमागेच सांगितला. माझा खाडा होईल त्याचे पैसे तुम्ही देणार का?” सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर शोधायला मला बराच काळ लागला आणि सापडलं ते आपल्यालाही सुखाचं नाही. म्हणून हा लेख.

आधी काय घडलं ते नीट आठवूया. इथले आमदार रमेश लटके मे २०२२ मध्ये अचानक वारले. त्यानंतर शिवसेना फुटली. ठाकरे गटाने त्यांच्या पत्नी ऋतुजा लटके यांना उमेदवारी दिली. त्या महापालिकेत नोकरीला होत्या. त्यांचा राजीनामाच मंजूर होईना. तो स्वीकारा असा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला, तेव्हा कुठे त्यांना अर्ज भरता आला. भाजपने मुरजी पटेल यांना उभं केलं होतं. मग वडीलधाऱ्या नेत्यांची आवाहनं आली: दिवंगत आमदाराच्या पत्नीविरुद्ध उमेदवार देऊ नये, ही महाराष्ट्राची संस्कृती आहे. १७ ऑक्टोबरला भाजपचा अर्ज मागे घेतला गेला. उरले ते किरकोळ उमेदवार.

निकाल असा लागला. मतदान ३१.७४ टक्के. ऋतुजा लटके यांना ६६,५३० मतं. दुसऱ्या क्रमांकावर कुणी माणूस नव्हताच, ‘नोटा’ होती, १२,८०६ मतं. म्हणजे मतदान केलेल्या सातांतल्या जवळजवळ एकाने ‘यांपैकी कुणीही नाही’ हे बटण दाबलं. २०१९ साली याच मतदारसंघात निम्म्याहून अधिक मतदारांनी मत दिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सुशिक्षितांचा सूर सुरू झाला: लोक बेफिकीर आहेत, सुट्टी मिळाली की फिरायला जातात. मला या सुराची चीड येते. कुणाला सुट्टी मिळते? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची असते, रोजंदारीवरच्या कामगारालाही. पण हा कायदा धंदा, कारखाना, आस्थापना यांच्याबद्दल बोलतो. चार घरची धुणीभांडी करणारी बाई कुठल्या आस्थापनेत बसते? तिच्या मालकिणीला सुट्टी असते, म्हणजे त्या दिवशी घरात माणसं जास्त आणि भांडीही जास्त. घरी बसून पापड, इमिटेशन ज्वेलरी, बटणं लावण्याचं काम करणारीला नगावर पैसे मिळतात. तिने रांगेत घालवलेला तास तिच्या हिशोबातून जातो. तरीही याच बाया चुरशीच्या निवडणुकीत सकाळी सातला रांगेत असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग त्या दिवशीच त्या बेफिकीर कशा झाल्या? आपल्या मताने काही ठरणार नाही हे त्यांना कळलं होतं. याला उदासीनता म्हणत नाहीत, व्यवहारज्ञान म्हणतात.

याची दुसरी बाजू पुण्यात दिसली. कसबा पेठ हा भाजपचा १९९५ पासूनचा बालेकिल्ला. आमदार मुक्ता टिळक डिसेंबर २०२२ मध्ये वारल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोटनिवडणूक लागली. इथेही ‘बिनविरोध करा’ अशी विनवणी झाली, पण काँग्रेसने उमेदवार दिला. सुमारे पन्नास टक्के मतदान झालं आणि किल्ला पडला. रवींद्र धंगेकर निवडून आले. २०२४ मध्ये त्याच लोकांनी ती जागा पुन्हा भाजपला दिली. कोण जिंकलं याचं मला इथे कौतुक नाही. मुद्दा एवढाच, की समोर खरी लढत असली तर तथाकथित सुरक्षित मतदारसंघातला मतदारही घराबाहेर पडतो, विचार करतो, मत बदलतो आणि परत बदलतो. जागा सुरक्षित असते ती मतदार मुका असेपर्यंत, आणि त्याला मुकं ठेवायला सगळे पक्ष एकमेकांना मदत करतात.

आता त्या ‘संस्कृती’कडे वळूया. ११ एप्रिल २०१५ ला महाराष्ट्रात एकाच दिवशी दोन पोटनिवडणुका झाल्या. तासगाव-कवठेमहांकाळला आर. आर. पाटील यांच्या पत्नी सुमन पाटील उभ्या होत्या. तिथे प्रमुख पक्षांनी उमेदवार दिला नाही, आणि त्या लाखाहून जास्त मतांनी निवडून आल्या. वांद्रे पूर्वला बाळा सावंत यांच्या पत्नी तृप्ती सावंत उभ्या होत्या. तिथे त्यांच्यासमोर माजी मुख्यमंत्री नारायण राणे उतरले आणि हरले. एकच दिवस, दोन्हीकडे नवरा गमावलेल्या बाया. मग संस्कृती एका ठिकाणी होती आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हती का? २०२२ च्या एप्रिलमध्ये कोल्हापूर उत्तरला दिवंगत आमदार चंद्रकांत जाधव यांच्या पत्नी जयश्री जाधव यांच्याविरुद्ध भाजप लढलाच होता. त्यानंतर सहा महिन्यांनी अंधेरीत त्याला संस्कृती आठवली. जिथे हरण्याची भीती तिथे परंपरा आणि जिथे जिंकण्याची आशा तिथे लोकशाही, असा हा सोयीचा धर्म आहे.

पण मला त्याहून टोचतं ते वेगळंच. या परंपरेत त्या बाईचं काय होतं?

ती उमेदवार म्हणून उभी राहते ती कुणाची तरी विधवा म्हणून. पोस्टरवर तिच्या चेहऱ्यामागे नवऱ्याचा मोठा फोटो. भाषणात ‘ताईंचे अश्रू पुसा’. २०२२ च्या मे महिन्यात, ज्या महिन्यात लटके वारले, त्याच महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारने त्याचं कौतुक करून परिपत्रक काढलं. विधवा ही आधी माणूस आहे, हे त्या ठरावाचं सांगणं. आणि इकडे सगळे पक्ष मिळून एका बाईला सांगत होते की तुझी सर्वांत मोठी पात्रता तुझं वैधव्य आहे. हळदीकुंकवाला जिला कोपऱ्यात बसवतात, तिलाच निवडणुकीच्या व्यासपीठावर मधोमध बसवतात. कारण दोन्हीकडे एकच.

तिच्याविरुद्ध उभं न राहणं हा तिचा मान नाही. समोर आल्यावर जिच्याशी वाद घालावा, जिला प्रश्न विचारावेत, जिच्याकडून हरण्याची भीती बाळगावी, अशी ती बरोबरीची माणूसच नाही असं तिला सांगणं आहे. त्यातून तिचं बळही वाढत नाही. चार मतदारांमागे एकाचंही मत पुरतं पाठीशी नाही, अशी आमदार विधानसभेत कुणाच्या जोरावर बोलणार? ज्या तृप्ती सावंतांनी माजी मुख्यमंत्र्याला हरवलं, त्यांना २०१९ मध्ये पक्षाने तिकीट दिलं नाही. तासगावची जागा २०२४ मध्ये मुलाकडे गेली. अंधेरीत २०२४ च्या निवडणुकीत ऋतुजा लटके हरल्या, आणि जिंकले तेच मुरजी पटेल, आता शिवसेना शिंदे गटाकडून. दोन वर्षांपूर्वीची संस्कृती म्हणजे पुढची तारीखच होती तर! बाईला मधल्या काळासाठी खुर्ची राखायला बसवायचं, ही रीत आपल्याला शेतजमिनीच्या सातबाऱ्यापासून ठाऊक आहे.

आणि महिला आघाडीतल्या बायांचं काय? वीस वर्षं मोर्चे काढणाऱ्या, लाठ्या खाणाऱ्या, रात्री अपरात्री पोलीस ठाण्यात जाऊन मारहाण झालेल्या बाईची तक्रार लिहून घ्यायला लावणाऱ्या बाया प्रत्येक पक्षात आहेत. जागा रिकामी झाली की त्यांचं नाव चर्चेतही येत नाही. २०१९ मध्ये २८८ आमदारांत बाया होत्या २४. विधानसभेतलं आरक्षण २०२३ मध्ये संसदेने मंजूर केलं, पण ते जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवलं. तोवर बाईला आत जायचा ठरलेला रस्ता म्हणजे नवऱ्याचं मरण, असं म्हणायचं का?

आता शाई लावलेल्या त्या पाच जणींबद्दल. त्यातल्या एका काकूंना मी विचारलं, निकाल ठरलेला असताना तुम्ही का गेलात? त्या म्हणाल्या, “माझ्या पोराला रात्री दोन वाजता इस्पितळात नेलं ते शाखेतल्या पोरांनी. तेव्हा तुमची संस्था झोपली होती, ताई.” समाजकार्याच्या वर्गात आम्ही अशा निष्ठेला ‘आश्रित राजकारण’ म्हणायला शिकलो होतो. मला आता तो शब्द तोंडावर आणायची लाज वाटते. शाळेतला प्रवेश, रेशनकार्डावरचं नाव, तुंबलेलं गटार, रुग्णवाहिका, हे हक्काने मिळालं असतं तर कुणाचे उपकार फेडायचे राहिले नसते. त्या वेळी तर महापालिकेची मुदत मार्चमध्येच संपली होती, प्रशासक कारभार पाहत होते आणि दार ठोठवायला नगरसेविकाही उरली नव्हती. काकूंची निष्ठा भाबडी नाही. तिला हिशोब कळतो. आपण तिला दुसरा हिशोब दाखवला नाही, ही गोष्ट खरी.

‘नोटा’बद्दलही भ्रम नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालामुळे हे बटण मिळालं. पण विधानसभेच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी निवडून येतो तो उमेदवारच. अंधेरीत नोटासाठी पैसे वाटल्याचे आरोपही झाले. म्हणून ती सगळी १२,८०६ मतं निषेधाची, असं मी म्हणणार नाही. पण ज्यांनी मनापासून ते बटण दाबलं त्यांचा आवाजही कुठे पोचला नाही.

मैत्रिणींनो, शेवटचा दोष आपला आहे. त्या पंधरा दिवसांत आपल्या किती संघटनांनी त्या मतदारसंघात एक तरी सभा घेतली? आपण म्हणालो, बाई उभी आहे, अडचण नको. आपणही सहानुभूतीच दाखवली. ऋतुजाताईंना बोलावून आपण विचारायला हवं होतं: घरकामगारांसाठी काय करणार? सार्वजनिक संडासांचं काय? कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांची रिकामी पदं भरा म्हणून बोलणार का? त्यांनी उत्तरं दिली असती, कदाचित चांगली दिली असती. नोकरी सोडण्यासाठी न्यायालयापर्यंत गेलेली बाई होती ती. तिला बोलायची संधी आपणही नाकारली.

पुढची सुरक्षित जागा केव्हा ना केव्हा रिकामी होणार आहे. तेव्हा तीन गोष्टी करूया. ‘बिनविरोध करा’ या आवाहनावर एकाही संघटनेने सही करायची नाही, उमेदवार बाई असली तरी. प्रत्येक उमेदवाराला वस्तीत बोलावून बायांसमोर प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून भिंतीवर लावायची. आणि घरकामगारांना मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्या, ही मागणी आधी आपल्या स्वतःच्या घरापासून सुरू करायची.

त्या मावशींनी मला विचारलेला प्रश्न अजून तसाच आहे. खाड्याचे पैसे मी देऊ शकत नाही. पण रांगेत उभं राहण्यासारखं काहीतरी समोर असेल, एवढी खटपट आपण नक्की करू शकतो.