हे छिद्रान्वेषण आवश्यकच!

दुसऱ्याचे दोष हुडकणाऱ्यास आपण छिद्रान्वेषी म्हणतो आणि त्याच्यापासून चार हात दूर राहतो. आज मात्र आम्ही अक्षरशः छिद्रांचेच अन्वेषण करणार आहोत. राष्ट्राच्या औद्योगिक सामर्थ्याची परीक्षा धुराड्यांच्या उंचीवर होत नाही. ती किती सूक्ष्म छिद्र अचूक पाडता येते, यावर होते.

साखर कारखान्याचेच पाहा. १९५० साली प्रवरानगरला सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्याचा मराठी माणसास सार्थ अभिमान आहे. पण साखरेचा दाणा मळीपासून वेगळा कोण करते? सेंट्रिफ्युगल यंत्रात प्रचंड वेगाने फिरणारी निकेलची पातळ जाळी! तिच्या फटी सुमारे ०.०६ मिलिमीटर रुंद, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढ्या असतात. अशी जाळी ठोकून पाडता येत नाही. निकेलच्या द्रावणात विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून आणि फटींच्या जागी तो चढू न देता ती घडवावी लागते. झीज रोखण्यासाठी वर क्रोमचा कठीण मुलामा देतात. फटी झिजून रुंदावल्या की बारीक दाणे मळीत निसटतात आणि शेतकऱ्याच्या घामाचे मोल त्यांच्याबरोबर वाहून जाते. अशा जाळ्या आज भारतातही बनतात. म्हणजे हे कौशल्य आपल्या हाताला परके नाही.

आता स्वयंपाकघरातील जलशुद्धीकरण यंत्राकडे वळू. बाहेरच्या पेटीवर ‘भारतात निर्मित’ अशी अक्षरे झळकतात. पण पाण्यातील क्षार अडविणारे आतले पटल, ज्याला तंत्रज्ञ मेम्ब्रेन म्हणतात, ते कोठले? बहुतेक वेळा ते सातासमुद्रापलीकडून आलेले असते. त्याचा क्षार रोखणारा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. यंत्राचा प्राण परका आणि कवच तेवढे आपले, याला स्वदेशी म्हणायचे काय?

याहून मोठी खंत इतिहासाची आहे. खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी गाळणारे पहिले व्यवहार्य पटल १९५९-६०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात घडले. ते घडविणाऱ्या दोघांपैकी एक सिडनी लोब. दुसरे श्रीनिवास सौरिराजन, भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ! १९६५ साली कॅलिफोर्नियातील कोअलिंगा गावाला या तंत्राने पाणी मिळू लागले. बुद्धी आपल्या मातीतली होती, कारखाने मात्र इतरांचे उभे राहिले.

‘जागतिकीकरणाच्या युगात स्वस्त मिळेल तेथून घ्यावे,’ असे काही विद्वान सांगतात. त्यांनी २०२० साल आठवावे. कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत मुखपट्टीच्या आतील सूक्ष्म गाळण-कापडासाठी जगभर धावाधाव झाली. ज्यांच्याकडे ते होते, त्यांनी आधी आपले घर सांभाळले. संकटकाळी बाजारभाव नव्हे, स्वतःचा कारखानाच कामी येतो.

आपल्याकडे ज्ञान नाही, असेही नाही. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने पटलांवर दीर्घकाळ काम केले आहे. गोव्यात पटले तयारही होतात. उणीव आहे ती धीराच्या ग्राहकाची. केवळ सर्वांत कमी दराची निविदा पाहून खरेदी करणारा अधिकारी आणि पेटीवरील तिरंगा पाहून समाधान मानणारे आपण, दोघेही या पापाचे वाटेकरी आहोत.

तेव्हा पुढच्या वेळी पटल बदलावयास तंत्रज्ञ घरी येईल, तेव्हा एकच प्रश्न विचारा : हे कोठे बनले? साखर कारखान्याचे सभासद असाल तर वार्षिक सभेत विचारा : जाळी किती टिकते आणि मळीत किती साखर जाते? असे प्रश्न घरोघरी, सभोसभी विचारले गेले, तर उत्तरे देणारे कारखाने उभे राहतील. साबण-दंतमंजनाची स्वदेशी आपण पुष्कळ केली. आता केसाहून सूक्ष्म छिद्रापर्यंत ती नेऊ या!