पारध्याचे जाळे आणि आपल्या धुऱ्यावरची तार



जिल्हा बैठकीत कापसाच्या भावाचा विषय निघाला की सभा तापते. रानडुकरांचा आणि रोह्यांचा विषय निघाला की तीच सभा गप्प होते. मग कोपऱ्यातून एक जण हळूच म्हणतो, "काय करता साहेब, रात्री तारेत करंट सोडतो." बाकीचे माना खाली घालतात, कारण निम्म्या लोकांच्या धुऱ्यावर तीच तार असते. म्हणून आज एका जुन्या वस्तूबद्दल लिहितो आहे. ती वस्तू म्हणजे पारध्याने हाताने विणलेले जाळे.

मी कृषी पदवीधर. कॉलेजात मला खताची मात्रा शिकवली, बोंडअळी ओळखायला शिकवली. रात्रीतून एकरभर ज्वारी लोळवणाऱ्या डुकराबद्दल चार वर्षांत एक तासही झाला नाही. त्याबद्दल जे थोडे कळते ते लहानपणी, आमच्या शेताशेजारच्या पारधी बेड्यावर.

ज्वारी निसवली की बेड्यावरचा एक म्हातारा आमच्या धुऱ्यावर यायचा. त्याला अंबाडी हवी असे. वडील म्हणत, "ने बाबा, पण जागलीला येत जा." करार एवढाच, ना कागद ना अंगठा.

अंबाडी फुलावर आली की तो कापून नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवी. पंधरवड्यात साल सुटे. सोल धुऊन वाळवायचे आणि मांडीवर वळायचे. दोन पदरांना एका बाजूने पीळ द्यायचा, मग दोन्ही मिळून उलट्या बाजूने वळायचे. असे केले की पीळ एकमेकाला धरून राहतात, सुतळी उसवत नाही. मग बांबूची पट्टी घेऊन विणायला बसायचे. पट्टीवर वेढा घ्यायचा, वरच्या घरातून सुतळी ओवायची, गाठ आवळायची. पट्टीच्या रुंदीवर जाळ्याचे घर ठरते. सशाची पट्टी वेगळी, डुकराची वेगळी. "डोकं जावं, खांदा अडावा," एवढेच माप तो सांगे. घर मोठे झाले तर जनावर पार होते, लहान झाले तर नाक लावून मागे फिरते.

जाळ्याचा वरचा दोर तो बांधत नसे. दुबेळक्याच्या काठ्यांवर नुसता टेकवी. हाकललेले जनावर धडकले की जाळे त्याच्या अंगावर कोसळे आणि त्याच्याच धडपडीने आवळले जाई. याला जुनी माणसे वाघूर म्हणत. हरणासाठी लांब दोराला तातीचे फास, तित्तर-लाव्यांसाठी बांबूच्या कामट्यांना घोड्याच्या केसांचे फास. फास लावणारे म्हणून ते फासेपारधी.

एकदा जाळ्यात गाभण सशीण आली. म्हाताऱ्याने तिची मान घरातून सोडवली आणि तिला सोडून दिले. मी विचारले, का? म्हणाला, "पुढच्या सालाला काय खाऊ?"

भावांनो, या गोष्टीत मला जाळ्याचे सारे मर्म दिसते. जाळ्यात आलेले जनावर जिवंत असते. ते ठेवायचे की सोडायचे हे माणूस ठरवू शकतो. तारेतल्या करंटला तसे ठरवता येत नाही. तिथे डुक्कर मरते, वाघ मरतो, शेजाऱ्याची गाय मरते आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला आपलाच पोरगा मरतो. असे एक घर मी पाहिले आहे. तार बापाने लावली होती. मुलगा गेला आणि गुन्हा बापावर नोंदला गेला. त्या घरी काय बोलायचे हे मला आजही सुचत नाही.

मग जाळे गेले कुठे? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे पारध्यांचे नाव त्या यादीत घातले. जन्माला आला तोच गुन्हेगार! सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत करून अशा जमातींना कोंडले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला, पण शिक्का पुसला गेला नाही. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात शिकारीच्या व्याख्येतच फास लावणे, सापळा लावणे, पकडणे, हाकणे हे सारे आले. पारध्याची पोटाची विद्या एका दिवसात गुन्हा झाली. त्याला दुसरे काम दिले नाही आणि आपल्याला दुसरा राखणदार दिला नाही.

जनावरे राखलीच पाहिजेत, याबद्दल माझा वाद नाही. फासात माळावरचे दुर्मीळ पक्षीही गेले आहेत आणि चोरट्या शिकारीत काही पारधीही सापडले आहेत. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परवान्याशिवाय जाळे लावणे आज गुन्हा आहे. हा लेख वाचून कोणी जाळे घेऊन निघू नये. पण त्याच कायद्याच्या ११ व्या कलमात, उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या काही जनावरांच्या शिकारीची परवानगी देण्याची तरतूद आहे. प्रश्न इतकाच, की ही परवानगी बंदुकीलाच का मिळावी?

जून २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात पिकांसाठी दोनशेहून जास्त रोही गोळ्या घालून मारले. नेमबाज हैदराबादहून बोलावले होते. उलट २०२५ साली मध्य प्रदेशात शाजापूर भागात शेतकऱ्यांना त्रास देणारे काळवीट आणि रोही जिवंत पकडले, सुमारे ९००, आणि दूर जंगलात नेऊन सोडले. त्यासाठी दक्षिण आफ्रिकेचे तज्ज्ञ आले, हेलिकॉप्टर आले. पद्धत काय होती? दोन्ही बाजूंना गवताच्या चटया आणि हिरवी जाळी उभारून नरसाळ्यासारखी निमुळती वाट करायची आणि कळप न बुजवता आत घ्यायचा. आमच्या धुऱ्यावरच्या म्हाताऱ्याला हे दाखवले असते तर तो हसला असता. जनावर बुजू नये म्हणून गाईच्या आडून चालणारी, तित्तराची हुबेहूब साद घालणारी ही जमात. तिच्याकडे या विद्येची जाण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

कोणी म्हणेल, आता ती विद्या उरली कुठे, बेड्यावरही नायलॉनच आहे. खरे आहे. पण अकोला-वाशीमकडे फासेपारध्यांनीच गवताळ माळ आणि तणमोर राखायचे काम अंगावर घेतले, हेही खरे आहे. ज्याला जनावराची वाट कळते त्याला ते पकडताही येते आणि राखताही येते. जाणकार म्हातारे आहेत तोवरच हे शिकून घेता येईल.

म्हणून माझ्या तीन सूचना.

१) पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावरांसाठी जिवंत पकडण्याचा मार्ग आधी वापरावा. वनखात्याच्या देखरेखीखाली पारध्यांची पथके नेमावीत. त्यांना रोजी आणि ओळखपत्र द्यावे.

२) हे होईपर्यंत नुकसानीची पूर्ण भरपाई सरकारने द्यावी. जनावर सरकारचे, मग त्याचा चारा शेतकऱ्याने का पुरवावा?

३) तिसरी सूचना सरकारला नाही, आपल्याला आहे. धुऱ्यावरची करंटची तार आपण स्वतः काढायची. आणि गावात चोरी झाली की पहिले बोट बेड्याकडे दाखवायचे, ही इंग्रजाने लावलेली सवयही सोडायची. ज्याला आपण चोर म्हणतो तो रात्री आपले पीक राखायला का येईल?

पुढच्या बैठकीला येताना आपल्या भागातल्या बेड्यावरच्या एका जाणत्या माणसाला बरोबर आणा. त्यांना मागे उभे करू नका, आपल्याच सतरंजीवर बसवा. डुकराबद्दल आधी त्यांनी बोलावे, मग आपण.