सूर्य सर्वांचा, अनुदान कोणाचे?

सौर ऊर्जा हवी की नको, हा वाद आता उरलेला नाही आणि तो उरला नाही हे इष्टच झाले. चंद्रपूर आणि कोराडी येथील औष्णिक केंद्रांची राख ज्या वस्त्यांवर उतरते, तेथे विजेचे बडे ग्राहक राहत नाहीत. तेथे कष्टकरी राहतात. कोळशाची जागा सूर्याने आणि वाऱ्याने घ्यावी, ही मागणी म्हणूनच सर्वांआधी कष्टकऱ्यांची आहे. परंतु या स्थित्यंतराच्या नावाने सरकारी तिजोरीतून जो पैसा बाहेर पडतो, तो कोणाच्या घरात शिरतो, हा प्रश्न विचारणाऱ्यास ‘विकासविरोधी’ ठरविण्याची घाई केली जाते. हा प्रश्न आपण विचारला नाही, तर दुसरे कोणीही विचारणार नाही.

प्रोत्साहनाचा जुना इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९९० च्या दशकापासून पवनचक्क्यांना उत्तेजन देण्यासाठी शासनाने वाढीव घसाऱ्याची सवलत दिली. ती दीर्घकाळ ऐंशी टक्के होती. तिचा अर्थ असा : एखाद्या कंपनीने एक कोटी रुपयांची पवनचक्की घेतली, की पहिल्याच वर्षी ऐंशी लाख रुपये करपात्र नफ्यातून वजा होत. तीस टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीचा चोवीस लाखांचा कर त्या वर्षापुरता टळे. पाती किती फिरली, वीज किती निघाली, याच्याशी या सवलतीचा काही संबंध नव्हता. ज्याच्याजवळ लपविण्याजोगा नफा होता, त्यालाच वाऱ्याचे प्रेम फुटले. साताऱ्याच्या पठारांवर आणि धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात चक्क्या उभ्या राहिल्या. ज्यांच्या माळावर त्या उभ्या राहिल्या, त्यांच्याजवळ करही नव्हता आणि करसवलतही नव्हती. २००९ मध्ये प्रत्यक्ष निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटमागे पन्नास पैसे देण्याची योजना आली, ती शासनाला उशिरा सुचलेल्या शहाणपणाची कबुलीच होती. तरीही २०१२ मध्ये काढून घेतलेली घसाऱ्याची सवलत उद्योगपतींच्या आग्रहाने २०१४ मध्ये परत आली. २०१७ पासून ती चाळीस टक्क्यांवर आणली गेली, पण तत्त्व तेच राहिले.

आता घरगुती छपरांकडे वळू. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ सुरू झाली. तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची, लक्ष्य एक कोटी घरांचे. २०११ च्या जनगणनेत देशात २४ कोटी ६७ लाख कुटुंबे होती. त्या जुन्या आकड्याशी ताडून पाहिले, तरी ही योजना शंभरातील चार घरांपुरती आहे. दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला तीस हजार, तिसऱ्यासाठी अठरा हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. पहिल्या दोन किलोवॉटना खर्चाच्या साठ टक्के आणि तिसऱ्याला चाळीस टक्के, हे शासनाचेच गणित धरले, तर तीन किलोवॉटचा संच सुमारे १ लाख ४५ हजारांचा होतो. उरलेले सदुसष्ट हजार गृहस्थाने स्वतः घालायचे किंवा कर्ज काढून फेडायचे.

योजनेची पहिली अट अशी की, घर स्वतःचे हवे आणि त्यास योग्य छप्पर हवे. मुंबईतील सुमारे बेचाळीस टक्के लोक २०११ मध्ये झोपडपट्टीत राहत होते. चाळीतील भाडेकरू, पत्र्याच्या खोलीत राहणारा बांधकाम मजूर, ऊसतोडीसाठी सहा महिने कोपीत संसार मांडणारे कुटुंब, यांपैकी कोणाच्या मालकीचे छप्पर आहे? २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने दारिद्र्यरेषेखालील आणि महिना शंभर युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी जादा अनुदान जाहीर केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मात्र छपराची अट त्यानेही ओलांडलेली नाही. ज्याला छप्पर नाही त्याला सूर्य नाही, असाच याचा अर्थ होतो.

आणि हा बेछप्पर माणूस केवळ वंचित राहतो असेही नाही; तो पैसे भरतो. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर वापराबरोबर टप्प्याटप्प्याने चढतो. वरच्या टप्प्यातील ग्राहक जादा दर देतो, म्हणून खालच्या टप्प्याचा दर आवाक्यात राहतो. छपरावर संच बसविणे ज्याला सर्वांत फायदेशीर ठरते, तो हाच वरच्या टप्प्यातील ग्राहक. दिवसा जादा वीज जाळ्यात सोडून ती हिशेबाने वळती करून घेतली, की त्याचे बिल जवळजवळ पुसले जाते. रात्री दिवा मात्र त्याच जाळ्यावर लागतो. तारा, रोहित्रे, पावसात खांबावर चढणारा लाईनमन, यांचा खर्च कमी होत नाही. तो उरलेल्यांच्या माथी येतो, आणि उरतात ते छप्पर नसलेले. सार्वजनिक पैशाने एकाचे बिल पुसायचे आणि त्याचा भार दुसऱ्याच्या बिलावर चढवायचा, याला प्रोत्साहन म्हणावे काय?

विजेची बचत ही तर गरिबाच्या घरातील खरी सौर ऊर्जा. तिच्याकडे पाहण्याची दृष्टी कशी आहे? साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो. नव्या धर्तीचा बीएलडीसी पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॉटमध्ये देतो. रोज बारा तास पंखा चालला, तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. साठ-सत्तर युनिट वापरणाऱ्या घराला ही बचत केवढी मोठी! परंतु हा पंखा साध्या पंख्याहून बराच महाग, आणि रोजंदारीवरील माणूस आजची बचत पाहतो, पाच वर्षांची पाहू शकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वातानुकूलन यंत्रांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, सौर उपकरणांवरील १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पंखा जेथे होता तेथेच, १८ टक्क्यांवर राहिला. बंगल्यातील गारवा आणि खोलीतील वारा आता करापुढे समान झाले, एवढीच काय ती समता!

याहून वेगळा मार्ग नाही, असे कोणी म्हणेल, तर त्याला याच देशातले उदाहरण देता येते. २०१५ मध्ये ‘उजाला’ योजनेखाली सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने एलईडी बल्बांची एकगठ्ठा खरेदी केली. २०१४ मध्ये ३१० रुपये असलेली खरेदीची किंमत २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. कोणालाही रोख अनुदान द्यावे लागले नाही. ग्राहकाला बल्ब महिना दहा रुपयांच्या हप्त्याने वीजबिलातून फेडता येत होता. छत्तीस कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. त्यांत भाडेकरू होता आणि झोपडीही होती, कारण बल्बाला सातबारा लागत नाही. त्याच योजनेतून विकल्या गेलेल्या पंख्यांची संख्या २०२५ च्या आरंभापर्यंत पंचवीस लाखांपलीकडे गेली नव्हती. मार्ग ठाऊक आहे. चालण्याची इच्छा नाही.

बाजारवादी पंडित यावर सांगतील की, मग सर्व अनुदानेच बंद करा. आपली भूमिका ती नाही. सार्वजनिक पैसा खर्च व्हावाच. मात्र त्यातून सार्वजनिक मालकी निर्माण व्हावी. पहिली मागणी अशी की, पालिकेच्या शाळा, एसटीची आगारे, बाजार समित्यांची गोदामे यांच्या छपरांवर संच उभारावेत आणि त्यातील विजेचा वाटा छप्पर नसलेल्या ग्राहकांच्या बिलात वळता करावा. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने अशा सामाईक संचांचे नियम २०१९ मध्येच केले आहेत. दुसरी मागणी अशी की, कंपन्यांना करसवलत खरेदीवर न देता निर्माण झालेल्या युनिटवर द्यावी. तिसरी अशी की, पंख्यांची बल्बांप्रमाणे एकगठ्ठा खरेदी करून ते बिलातील हप्त्याने द्यावेत, आणि त्यांवरील जीएसटी पाच टक्क्यांवर आणावा.

वीज दरवाढीच्या प्रस्तावावर नियामक आयोग जनसुनावणी घेतो. तेथे उद्योगांचे सल्लागार जाडजूड टिपणे घेऊन बसतात. आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या वॉर्डात आणि गावात साधी मोजणी करावी : अनुदान कोणास मिळाले, त्याच्या घरी वीज किती लागते, त्याच गल्लीत भाडेकरू किती आहेत, पंखे कोणते फिरतात. हे कागद घेऊन सुनावणीस उभे राहावे. सूर्यावर कोणाची मालकी नाही. अनुदानावर मात्र ती हळूहळू प्रस्थापित होत आहे, आणि मालकी एकदा रुजली की ती उखडण्यास पिढ्या लागतात, हे जमिनीच्या प्रश्नाने आपल्याला पुरेसे शिकविले आहे.