धाकट्याला शेत, थोरल्याला घड्याळ

कुकू घड्याळ म्हटलं की बहुतेकांना स्वित्झर्लंड आठवतं. युरोपच्या सहलीला गेलेली मंडळी ते तिथूनच घेऊन येतात. 'द थर्ड मॅन' या १९४९च्या गाजलेल्या चित्रपटातल्या एका पात्रानं तर ते थेट स्विस लोकांच्या खात्यावर जमा करून टाकलं. पण या घड्याळाचं खरं माहेर जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यातलं डोंगराळ श्वार्त्सवाल्ड, म्हणजेच ब्लॅक फॉरेस्ट. या वेळी तिथे जाऊ. त्या पक्ष्याचं कौतुक पुष्कळ झालंय, मला त्यामागच्या घरांबद्दल सांगायचंय.

आपल्याकडे पिढी बदलली की सात-बाऱ्यावर नावं वाढतात. ब्लॅक फॉरेस्टमधल्या बऱ्याच खोऱ्यांत रिवाज नेमका उलटा होता. शेताचे तुकडे करायचे नाहीत, अख्खं शेत एकाच मुलाला द्यायचं, आणि तेही बहुतेक वेळा सगळ्यांत धाकट्याला! मग थोरल्यांनी काय करायचं? भावाच्या शेतावर राबायचं, नाहीतर एखादी खोपटी बांधून दुसरा धंदा शोधायचा. हिवाळा लांबलचक, बर्फानं वाटा बंद, आणि दाराबाहेर हवं तेवढं लाकूड. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या घरांमधून लाकडी घड्याळं बनू लागली. काचसामान विकणाऱ्या एका फेरीवाल्यानं बोहेमियातून पहिलं घड्याळ आणलं आणि ते बघून इथल्यांनी दुसरं केलं, असं तिकडे सांगतात.

ती घड्याळं अगदीच ओबडधोबड होती. दातेरी चाकं लाकडाची, वजनाला चक्क दगड बांधलेला, आणि काटा एकच, तासाचा. लंबकही नव्हता. त्याच्या जागी एक आडवा दांडा डावी-उजवीकडे हेलकावे घ्यायचा. लंबक आला १७४०च्या सुमारास, आणि पुढे लाकडी चाकांची जागा पितळी चाकांनी घेतली. लाकडी सांगाडा मात्र बराच काळ टिकला, कारण स्वस्ताई हेच या घड्याळांचं बळ होतं. लंडन-पॅरिसचे कारागीर राजेरजवाड्यांसाठी घड्याळं करत होते. ब्लॅक फॉरेस्टचं घड्याळ शेतकऱ्याच्या आणि विणकराच्या भिंतीवर गेलं.

हळूहळू कामाची वाटणी झाली. एक घर नुसते सांगाडे करी, दुसरं चाकं, तिसरं साखळ्या. तबकडीच्या पाटीवर गुलाबाची फुलं रंगवणाऱ्यांत बायकाही होत्या. घड्याळजी हे सगळं जुळवून चालतं घड्याळ करी. मग ते पाठीवरच्या लाकडी घोडीला बांधून फेरीवाले निघत. फ्रान्स, इंग्लंड, रशिया, तुर्कस्तान, कुठे म्हणून गेले नाहीत! तुर्कस्तानात जायच्या घड्याळावर आकडे तिकडचे. परमुलखात हे विक्रेते मंडळी काढून एकत्र धंदा करत, हिशेब सामाईक ठेवत, नवीन पोरं गावाकडून बोलावून घेत. कित्येक जण इंग्लंडातच स्थायिक झाले. तिथे त्यांच्या घड्याळांना 'डच क्लॉक' म्हणत, पण त्यात हॉलंडचा काही संबंध नाही. 'डॉइच', म्हणजे जर्मन, या शब्दाचा तो इंग्रजी कानानं केलेला घोटाळा. पोट एका मुलखात आणि मूळ गाव दुसऱ्या, ही गत आपल्या घरांना काही नवी नाही.

आता कुकूबद्दल. शोएनवाल्ड गावच्या फ्रान्त्स आन्टोन केटररनं १७३०च्या सुमारास तो शोधून काढला, असं बऱ्याच पुस्तकांत वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. आउग्सबुर्गच्या फिलिप हाइनहोफरनं असल्या घड्याळाचं वर्णन १६२९ मध्येच लिहून ठेवलंय. आतली करामत मात्र सुरेख आहे. दोन चिमुकले भाते आणि दोन शिट्ट्या. एक भाता पडला की वरचा सूर, लगेच दुसरा पडला की खालचा. झालं कु-कू! (हा पक्षी आपला आंब्यावरचा कोकीळ नव्हे, तो पावशाच्या जवळच्या नात्यातला.)

१८४०च्या दशकात या सगळ्यावर संक्रांत आली. अमेरिकेत चॉन्सी जेरोमसारखे कारखानदार पितळेच्या पत्र्यातून यंत्रानं भाग कापून घड्याळं करू लागले होते. १८४२ मध्ये जेरोमचा माल इंग्लंडात उतरला आणि हातानं काम करणाऱ्या घरांचं गणितच कोसळलं. त्यातच पिकं बुडाली. अनेकांनी घरदार सोडून अमेरिकेची वाट धरली, जिथून ते स्वस्त घड्याळ आलं होतं तिथलीच!

बाडेनच्या सरकारनं १८५० मध्ये फुर्टवांगेनला घड्याळजींसाठी शाळा काढली. प्रमुख होता रोबेर्ट गेर्विश, खरं तर रस्ते-रेल्वे बांधणारा इंजिनिअर. त्यानं घड्याळांसाठी नव्या नक्षीची स्पर्धा जाहीर केली. फ्रिडरिश आइझेनलोअर या वास्तुकारानं बाडेनच्या रेल्वेमार्गावरच्या इमारती आखल्या होत्या. त्यानं रुळांशेजारच्या चौकीदाराच्या घरालाच तबकडी बसवली आणि भोवती वेल चढवला. उतरतं छप्पर, कोरलेली पानं, वरती खिडकीतून डोकावणारा पक्षी, हे आज जे 'परंपरागत' रूप आपण ओळखतो, त्याचा उगम एका रेल्वेवाल्याच्या कागदावर आहे. पाइनच्या फळाच्या आकाराची वजनं तर आयझेनबाखच्या योहान बाप्टिस्ट बेहाकडे १८६२ पासून दिसतात. माझ्या मते शाळेपेक्षा त्या एका स्पर्धेनं जास्त घरं तगवली. शाळा १८६३ मध्ये बंद पडली आणि काही वर्षांनी पुन्हा उघडली. गेर्विशनं तिथे जुनी घड्याळं जमवायला सुरुवात केली होती, त्यातूनच आजचं जर्मन घड्याळ संग्रहालय उभं राहिलं.

दुसरा रस्ता श्राम्बेर्गच्या एर्हार्ड युंगहान्सनं घेतला. १८६१ मध्ये कारखाना काढून त्यानं अमेरिकन पद्धतच उचलली. १९०३ पर्यंत तो जगातला सर्वांत मोठा घड्याळ कारखाना झाला. आजोबांच्या भिंतीवर जुनं लंबकाचं घड्याळ असेल तर तबकडीवर आठ टोकांचा तारा आणि त्यात जे अक्षर दिसतंय का बघा. ते युंगहान्सचं. पण कारखाना आला तसा घरचा धंदा गेला. बाकाशी बसून स्वतःच्या वेळेनं काम करणारा घड्याळजी भोंग्याबरोबर हजेरी लावू लागला.

१९७०च्या दशकात क्वार्ट्झ आलं आणि या भागातले बडे कारखानेही एकेक करून मिटले. त्यातून तरलं ते कोरीव कुकू घड्याळ. शोनाख आणि ट्रिबेर्गला ते अजून बनतं. संपूर्ण यांत्रिक असेल तरच तिथल्या उत्पादकांची संघटना प्रमाणपत्र देते. बॅटरीवरची स्वस्त घड्याळंही मिळतात. त्यांतला पक्षी अंधार पडला की आपोआप गप्प बसतो. यांत्रिक घड्याळातल्या पक्ष्याला झोपवायचं तर बाजूची बारीक तार हातानं सरकवावी लागते, आणि सकाळी आठवणीनं परत.