धन्वंतरी महालाचा वारसा आणि आजचे शुश्रूषागृह

तंजावूरच्या राजवाडा परिसरात पाऊल ठेवणाऱ्या मराठी माणसाचा ऊर भरून येतो, हे स्वाभाविक आहे. नायक राजांनी उभारलेल्या आणि पुढे भोसले घराण्याने वाढवलेल्या या वास्तूतच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तामिळ, तेलुगू आणि संस्कृत पोथ्यांच्या शेजारी तेथे मराठी हस्तलिखिते आणि मोडी दप्तरे जतन केलेली आहेत. १९१८ साली हे ग्रंथालय सार्वजनिक झाले. येणारे पाहुणे सरफोजी राजांचे चित्र पाहतात, बृहदीश्वराच्या भिंतीवरील भोसले वंशाचा मराठी शिलालेख पाहतात आणि अभिमानाने परततात. परंतु याच ग्रंथालयात कागदांचा एक लहानसा संच आहे, ज्याच्याकडे कामगार चळवळीने राजमुकुटापेक्षा अधिक लक्ष द्यावयास हवे. ते कागद आहेत नेत्ररुग्णांच्या नोंदींचे.

दुसऱ्या सरफोजीने १७९८ ते १८३२ या काळात तंजावूरची गादी सांभाळली. त्याने स्थापन केलेल्या धन्वंतरी महालात देशी वैद्यकाच्या निरनिराळ्या परंपरांचे जाणकार आणि युरोपीय पद्धतीचे डॉक्टर यांचे ज्ञान एकत्र आणण्याचा प्रयत्न झाला. तेथे औषधे तयार होत, त्यांचे गुण तपासले जात आणि अनुभवास उतरलेले उपचार तामिळ पद्यात ग्रथित केले जात. माणसांप्रमाणेच जनावरांच्या औषधोपचाराचाही तेथे विचार होई. मोतीबिंदू आणि डोळ्यांच्या इतर विकारांवरील उपचारांची टिपणे रुग्णवार ठेवली जात. काही टिपणांसोबत रोगट डोळ्याचे चित्रही काढलेले आहे. रुग्ण कोण, त्याला काय झाले, काय उपचार केले आणि गुण आला की नाही, हे लिहून ठेवण्याची ही शिस्त होती. रोग्याचा हिशेब ठेवणे ही शुश्रूषेची पहिली पायरी आहे, आणि ती पायरी तंजावूरने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत गाठली होती.

राजवाड्याच्या भिंतींपलीकडेही शुश्रूषेची एक व्यवस्था होती. रामेश्वरच्या वाटेवर भोसले राजांनी आणि राजघराण्यातील स्त्रियांच्या नावे छत्रे बांधली गेली होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच एक. कंपनी सरकारने छत्रांच्या उत्पन्नास हात लावू नये, म्हणून १८०१ साली सरफोजीने ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहून त्यांच्या कार्याचे वर्णन केले. ब्राह्मणापासून परैयापर्यंत सर्व वाटसरूंना अन्न मिळे. वाटेत आजारी पडलेल्याला वैद्य आणि पथ्यपाणी मिळे. वाटेतच दिवस भरलेल्या स्त्रीच्या बाळंतपणाची सोय होई. अनाथ मुलांचा सांभाळ होई. हे वर्णन राजाच्या बाजूने लिहिलेले आहे, हे लक्षात ठेवूनही त्याचे मोल कमी होत नाही. आजाऱ्याकडे आधी पैसे मागू नयेत, हा विचार परदेशातून आयात झालेला नाही, एवढे त्यावरून निश्चित सिद्ध होते.

तथापि इतिहासाकडे भाटाच्या नजरेने पाहणे मार्क्सवाद्याला शोभत नाही. धन्वंतरी महालाचा खर्च कोठून आला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. १७९९ च्या तहाने कंपनीने राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला. राजाकडे किल्ला आणि भोवतीचा परिसर उरला. त्याला वर्षाला एक लाख पागोडे आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळू लागला. हा महसूल कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचा होता. ते भात मिरासदारांच्या शेतात चिखलात उभे राहून पिकवणारे बहुसंख्य हात परैयर आणि पळ्ळर जातींच्या पन्नैयाळांचे, म्हणजे शेतावर बांधलेल्या गड्यांचे होते. राजाचा दानधर्म त्यांच्या घामातून उभा राहिला. राजा उदार होता. परंतु उदारपणा मालकाचा असला की तो मालकाबरोबर जातो. १८५५ साली पुरुष वारस नाही या सबबीवर कंपनीने राजपदच संपुष्टात आणले, आणि शुश्रूषेची ही व्यवस्था ज्या आश्रयावर उभी होती तो आश्रय गेला. धर्मादायावर उभी असलेली शुश्रूषा किती ठिसूळ असते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

याच भूमीत दान न मागता हक्क मागण्याची परंपराही जन्मास आली. कानडी मुलखातून आलेले कॉम्रेड बी. श्रीनिवास राव तामिळ शिकले, पूर्व तंजावूरच्या दलित वस्त्यांत राहिले आणि १९४० च्या दशकात त्यांनी शेतमजुरांना लाल झेंड्याखाली संघटित केले. चाबकाचे फटके आणि शेणाचे पाणी पाजण्याची शिक्षा त्या लढ्याने बंद पाडली. १९५२ साली तंजावूरच्या कुळांना आणि पन्नैयाळांना संरक्षण देणारा कायदा झाला तो या दबावापोटीच. पुढे २५ डिसेंबर १९६८ रोजी तत्कालीन तंजावूर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे मजुरीच्या लढ्याचा सूड म्हणून ४४ दलितांना जाळून मारण्यात आले; मृतांत स्त्रिया आणि मुलेच बहुसंख्य होती. तंजावूरचा वारसा सांगताना सरफोजीबरोबर हे नाव घेतले नाही, तर तो वारसा अर्धाच सांगितला जातो.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने स्पष्ट सांगितले होते की पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारापासून वंचित राहता कामा नये. तामिळनाडूने या दिशेने इतर अनेक राज्यांपेक्षा अधिक मजल मारली, हे मान्य केले पाहिजे. १९९४ साली स्थापन झालेल्या राज्य वैद्यकीय सेवा महामंडळाने सरकारी दवाखान्यांना औषधे नियमितपणे पुरवून दाखवली. तंजावूरला वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि राजा मिरासदार रुग्णालयात आजही माता-बालकांवर उपचार होतात. नाव राजाचे आणि मिरासदाराचे असले तरी दवाखाना आज सार्वजनिक आहे, ही जनतेची कमाई आहे.

परंतु राजवाड्याच्या पलीकडील बाजारपेठेत असो की महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी असो, रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन नातेवाईक ज्या दारात उभे राहतात ते दार बहुधा दहा-पंधरा खाटांच्या खाजगी नर्सिंग होमचे असते. सरकारी रुग्णालयातील रिकामी पदे, अपुऱ्या खाटा आणि बिघडलेली यंत्रे त्यांना तेथे ढकलतात. त्याची किंमत काय पडते? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार बाळंतपण वगळता एकदा रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये होता, तर खाजगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये, म्हणजे सातपट. बाळंतपणाचे चित्र आणखी बोलके आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तामिळनाडूतील खाजगी रुग्णालयांतल्या १०० प्रसूतींपैकी जवळजवळ ६४ शस्त्रक्रियेने झाल्या. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण ३६ होते. तेही थोडे नाही. परंतु खाजगी आकडा जो एवढा वर जातो, त्याचे कारण केवळ स्त्रीच्या प्रकृतीत शोधणे भाबडेपणाचे होईल. ते बिलाच्या वहीतही शोधावे लागते.

आणि या बिलातला किती वाटा शुश्रूषा करणाऱ्या हातांपर्यंत पोहोचतो? लहान नर्सिंग होममध्ये ज्यांना सर्व जण सिस्टर म्हणतात त्यांतील अनेक मुली कामावरच थोडेबहुत शिकलेल्या असतात. प्रमाणपत्र नसल्याने त्यांना वेतन मागण्याचे धाडस होत नाही. प्रशिक्षित परिचारिकेलाही दुसरीकडे जागा मिळेपर्यंत पडेल त्या पगारावर राबावे लागते. बेडपॅन उचलणारी, चादरी बदलणारी, बाळंतिणीच्या उशाशी रात्र काढणारी बाई महाराष्ट्रात मावशी म्हणून हाक मारली जाते. हाक नात्याची आहे, परंतु नात्याच्या हाकेने पगाराचा प्रश्न मिटत नाही. रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आणि स्वतः आजारी पडली तर ज्या खाटेची ती निगा राखते त्या खाटेचे भाडे तिला परवडत नाही.

हा अन्याय सरकारला ठाऊक नाही असे नाही. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीबद्दल समिती नेमण्याचा आदेश दिला. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेचे वेतन दरमहा २०,००० रुपयांहून कमी असू नये आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात ते राज्य सरकारी परिचारिकेएवढे असावे, अशी शिफारस त्या समितीने त्याच वर्षी केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली, आणि बहुतेक राज्यांनी ती कागदावरच ठेवली. त्यानंतर महागाई कोठल्या कोठे गेली. म्हणून आता तो आकडाही किमान मानून वर न्यावा लागेल.

मालक खाजगी असो वा सरकार, कंत्राटी पद्धतीचे तर्कशास्त्र एकच असते. तामिळनाडूत २०१५ पासून वैद्यकीय भरती मंडळामार्फत घेतलेल्या हजारो परिचारिका सुरुवातीस दरमहा ७,७०० रुपयांवर राबल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी चेन्नईत ठिय्या दिला, तेव्हा त्यांची मागणी सेवेत कायम करण्याची आणि समान कामास समान वेतनाची होती. करोनाच्या साथीत तात्पुरत्या घेतलेल्या दोन हजारांहून अधिक परिचारिकांची सेवा ३१ डिसेंबर २०२२ रोजी समाप्त करण्यात आली. संकटात टाळ्या आणि संकट सरताच नारळ, हाच तो न्याय. आंदोलन उभे राहिल्यावरच सरकारला पर्यायी नेमणुकांची भाषा करावी लागली.

शुश्रूषेची वाण पडते तेव्हा त्याची किंमत प्राणांनी मोजली जाते. ६ ऑगस्ट २००१ रोजी रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे मनोरुग्णांसाठी चालविलेल्या एका खाजगी निवासाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. ज्या रामेश्वरच्या वाटेवर एकेकाळी आजाऱ्याला छत्रात अन्न-औषध मिळे, त्याच मुलखात आजारी माणूस खांबाला बांधला गेला. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० अर्भके दगावली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत १५ रुग्ण मृत्यू पावले. कायदे नाहीत असे नव्हे. मुंबई राज्याने शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ सालीच केला. परंतु रुग्णहक्कांची सनद आणि दरफलकाची सक्ती त्याच्या नियमांत यावयास २०२१ साल उजाडावे लागले. तामिळनाडूचा कायदा १९९७ चा, त्याचे नियम झाले २०१८ साली. कायदा आणि नियम यांच्यामध्ये एकवीस वर्षांचे अंतर कोणाच्या सोयीसाठी पडते, हे सांगण्याची गरज नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कर्ज काढून दहा खाटा उभारणारे डॉक्टर दांपत्य आणि भागबाजारातील भांडवलावर चालणारी रुग्णालयांची साखळी या दोहोंना एकाच मापाने मोजणे वर्गदृष्ट्या चूक ठरेल. राज्याची विमा योजना २००९ पासून आणि केंद्राची २०१८ पासून सार्वजनिक पैसा खाजगी रुग्णालयांकडे वळवीत आहे. त्याचा मोठा लाभ बडी रुग्णालये घेतात आणि लहान शुश्रूषागृह त्यांच्या ओझ्याखाली दबते. दबलेला लहान मालक मग आपले ओझे परिचारिकेच्या आणि मावशीच्या पाठीवर सरकवतो. वेतन वाढवले तर बिल वाढेल, असा त्याचा युक्तिवाद असतो. त्यास उत्तर असे की रुग्णाची लूट किंवा कर्मचाऱ्याची उपासमार, एवढे दोनच मार्ग केवळ नफ्याच्या व्यवस्थेत असतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. ते वचन पाळले गेले नाही. ते पाळले गेले असते तर गरिबाला कर्ज काढून खाजगी दारात उभे राहण्याची पाळी इतक्या सर्रास आली नसती.

म्हणून पक्षसभासदांपुढील काम स्पष्ट आहे. सहा-सात कर्मचाऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये एकट्या आस्थापनेची संघटना टिकत नाही. तोंड उघडणारीला दुसऱ्या दिवशी घरी बसवले जाते. विडी कामगार आणि घरकामगार स्त्रियांप्रमाणे येथेही संघटना गावभर, शहरभर बांधली पाहिजे, आणि तीत परिचारिका, मावशी, वॉर्डबॉय व सफाई कामगार एकत्र असले पाहिजेत. किमान वेतन, रात्रपाळीनंतर सुट्टी आणि नेमणुकीचे पत्र या तिच्या पहिल्या मागण्या असाव्यात. दरफलक, कर्मचाऱ्यांची संख्या आणि अग्निसुरक्षा तपासणीची तारीख दारावर लावली जावी, ही मागणी रुग्णांच्या नातेवाइकांना बरोबर घेऊन करावी. कारण थकलेल्या परिचारिकेच्या हाती सुई देणे रुग्णाच्याही हिताचे नाही. आणि या सर्वांच्या वर, सरकारी रुग्णालयांतील रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरण्याचा लढा सतत चालू राहिला पाहिजे.

बेळगावात, इंदुरात, मुंबईत वा तंजावुरात, मराठी बोलणारा कार्यकर्ता जेथे असेल तेथील जनतेची भाषा शिकून त्याने हे काम हाती घ्यावे, जसे श्रीनिवास रावांनी घेतले. धन्वंतरी महालात रुग्णाचा हिशेब ठेवला गेला, याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु आता वहीत आणखी एक रकाना हवा: रात्रभर उशाशी जागी राहिली कोण, आणि तिला त्याचा मोबदला काय मिळाला. तो रकाना राजा भरून देणार नाही आणि मिरासदारही देणार नाही. तो कामगार वर्गालाच आपल्या हाताने भरावा लागेल.