समुद्रातल्या आवाजाचा हिशेब कोण देणार?

नागपूरकरांचा समुद्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो जबाबदारीचा आहे. तामिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधला उथळ समुद्र खोदून जहाजांसाठी वाट काढण्याचा सेतुसमुद्रम प्रकल्प आठवा. त्याचा पर्यावरण आघात अहवाल २००४ मध्ये आपल्या नागपूरच्या 'नीरी'ने तयार केला होता. २ जुलै २००५ रोजी मदुराईत प्रकल्पाचे उद्घाटन झाले. सुमारे १६७ किलोमीटरचा हा मार्ग ज्या समुद्रातून जाणार होता, तिथे समुद्री गवतावर जगणारा डुगाँग आहे, डॉल्फिन आहेत आणि त्याच पाण्यावर पोट असलेले हजारो मच्छीमार आहेत.

म्हणजे चर्चा त्यांच्यावर व्हायला हवी होती. झाली कशावर? तो पूल रामाने बांधला की नाही यावर! सप्टेंबर २००७ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दिलेले प्रतिज्ञापत्र गदारोळ होताच काही दिवसांत मागे घेतले. मच्छीमार ओरडत होते, काही शास्त्रज्ञ बोलत होते, पण देवाच्या नावाने उठलेल्या कोलाहलात त्यांचे ऐकतो कोण? २०१८ मध्ये केंद्राने सेतूला धक्का न लावता दुसरा मार्ग शोधू, असे न्यायालयाला सांगितले. डुगाँगसाठी पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. श्रद्धेच्या गोंगाटात विज्ञानाचा प्रश्न कसा बुडवला जातो, याचा हा धडा आहे.

त्या बुडालेल्या प्रश्नांपैकी एक आवाजाचा आहे. समुद्रात उजेड फार खोल जात नाही, पण आवाज मात्र सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. म्हणून देवमासा काय नि डॉल्फिन काय, आवाजावरच जगतात. डॉल्फिन आपल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतो. जहाजाचा पंखा फिरला की असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्यांची घरघर दूरवर पसरते. आमच्या डोक्यावर रात्रंदिवस भोंगा लावून ठेवला तर आमचे काय होईल? तेच त्यांचे होते.

ही भावनेची गोष्ट नाही, मोजलेली गोष्ट आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात जहाजांची ये-जा कमी झाली. पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलने उतरला आणि तिथल्या देवमाशांच्या विष्ठेत ताण दाखवणारी संप्रेरकेही कमी झाली. २०१२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. आपल्या गंगेतल्या डॉल्फिनवर २०१९ मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवून दिले की, पाणी उथळ आणि वर जहाजांचा आवाज, असे दोन्ही एकत्र आले की त्या जिवावरचा ताण वाढतो.

विशेष म्हणजे हा हिशेब जहाज येण्याआधीच मांडता येतो. जहाज किती आवाज करते, पाणी किती खोल, किती खारट, किती गरम, तळ चिखलाचा की खडकाचा, हे आकडे संगणकात घातले की कुठल्या ठिकाणी किती आवाज पोहोचेल याचा नकाशा निघतो. तो प्राण्याच्या ऐकण्याच्या क्षमतेशी ताडून पाहायचा. पण कायद्यात त्याची सक्ती कुठे आहे? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता असे चारच विभाग आहेत. पाण्याखालचा पाचवा विभाग त्यात नाही.

आम्ही जहाजांच्या विरोधात नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी नद्यांच्या पाण्यावर सिंचन, वीज आणि जलवाहतूक अशा तिहेरी उपयोगाचा आग्रह धरला. केंद्रीय जलमार्ग, सिंचन व जलवाहतूक आयोग १९४५ मध्ये स्थापन झाला तो त्याच काळात. पण बाबासाहेबांची रीत अभ्यासाची होती. आधी आकडे, मग निर्णय. आणि त्या निर्णयाच्या केंद्रस्थानी सामान्य माणूस. विकासाचे नाव घेणारे नेमके हेच विसरतात.

आज हा प्रश्न महाराष्ट्राच्या दारात आहे. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. खर्च सुमारे ७६,२०० कोटी रुपये, समुद्रात भराव १,४४८ हेक्टरचा. तिथला मच्छीमार आणि आदिवासी वर्षानुवर्षे विरोध करीत आहे. त्याला 'विकासविरोधी' म्हणणे सोपे आहे, उत्तर देणे कठीण. आमची मागणी साधी आहे. बांधकामाच्या आणि पुढे येणाऱ्या जहाजांच्या आवाजाचा नकाशा मराठीत, किनाऱ्यावरच्या माणसाला समजेल अशा भाषेत जाहीर करा. काम सुरू असताना पाण्याखाली आवाज मोजा आणि आकडे दर महिन्याला लोकांसमोर ठेवा. किनाऱ्याजवळ जहाजांचा वेग कमी ठेवा, कारण वेग उतरला की बहुतेक जहाजांचा आवाजही उतरतो. आणि मासा कुठे, कधी येतो हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या मच्छीमाराला अभ्यास-समितीत खुर्ची द्या.

नीरीसारखी संस्था ज्या शहरात आहे, त्या नागपुरातून ही मागणी उठली पाहिजे. आमची मुले आज भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकी शिकत आहेत. त्यांनी या विषयात शिरावे. विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि प्राणिमात्रांविषयी दया ही दोन्ही कर्तव्ये संविधानाच्या ५१-क या एकाच कलमात सांगितली आहेत. ज्यांना मत नाही, सुनावणीला येता येत नाही आणि ओरडले तरी आपल्याला ऐकू जात नाही, त्यांचा हिशेब मांडणे हे त्या कर्तव्यातच येते.